जोडारी, वीजतंत्री आणि स्वतःचे दुकान



महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था (आयटीआय) आहेत, खासगी त्याखेरीज. जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री, तारतंत्री, मोटारगाडी दुरुस्ती, वातानुकूलन, शिवणकाम अशा व्यवसायांत तिथे दरवर्षी हजारो मुले-मुली दाखल होतात. यांतल्या कुणाला स्वतःचा धंदा काढावासा वाटतो, कुणाला वाटत नाही आणि हे कशावरून ठरते, हा आजचा प्रश्न आहे. त्याला एक ठरलेले उत्तर आहे: मानसिकता. पोरांना पगाराची नोकरी हवी, जोखीम नको, तेव्हा त्यांची मानसिकता बदला; एखादा यशस्वी उद्योजक बोलवा, तीन दिवसांचे शिबिर घ्या, प्रमाणपत्रे वाटा. माझे म्हणणे वेगळे आहे. आधी ओढ लागते आणि मग माणूस धंद्यात पडतो, असा क्रम फार थोड्यांच्या बाबतीत दिसतो. बहुतेकांना धंदा आधी जवळून दिसतो, हाताला पैसे मोजणारे पहिले गिऱ्हाईक लागते, आणि हे बुडाले तरी चूल पेटेल एवढा भरवसा असतो. ओढ त्यानंतर येते. आपण मात्र परिणामालाच कारण समजून त्याच्यावर पैसे खर्च करत आलो आहोत.

आयटीआय मुळात कशासाठी निघाली हे आधी पाहू. केंद्र सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना 1950 साली सुरू झाली आणि 1961 साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला. पुढे उभ्या राहणाऱ्या कारखान्यांना जोडारी, कातारी, वीजतंत्री लागणार होते. ते तयार करणे हे संस्थेचे काम होते आणि तिने ते बऱ्यापैकी केले. तिच्या कार्यशाळेची सगळी घडणच त्या कामाची आहे. ड्रॉइंग समोर येते, माप दिलेले असते, लोखंड स्टोअरमधून मिळते, जॉब तयार झाला की निदेशक तो तपासून गुण देतात. लोखंड कितीला आणले, मजुरी किती लावायची, गिऱ्हाईक घासाघीस करू लागले तर कुठे थांबायचे, उधारी किती दिवस सोसायची, यांतला एकही प्रश्न दोन वर्षांत त्या टेबलाशी येत नाही. अलीकडे रोजगारक्षमता कौशल्यांच्या विषयात उद्योजकतेवर एक भाग असतो. तो वर्गात शिकवला जातो आणि परीक्षेत लिहिला जातो. विद्यार्थ्याच्या ओढीविषयी काही बोलण्याआधी हे ध्यानात घ्यायला हवे, की जी गोष्ट त्याने पाहिलीच नाही तिच्याविषयी आपण त्याला मत विचारतो आहोत.

मानसिकतेच्या सिद्धांताला मी हलके लेखत नाही. त्याचे मूळ भारतातच, आंध्रातल्या काकिनाड्यात सापडते. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांनी 1964 च्या सुमारास काकिनाड्याच्या छोट्या व्यापारी-उद्योजकांना हैदराबादच्या संस्थेत आणून सिद्धिप्रेरणेचे प्रशिक्षण दिले. नंतर पाहता, प्रशिक्षण घेतलेल्यांनी न घेतलेल्यांपेक्षा धंद्यात जास्त हालचाल केली होती. या प्रयोगाची छाप आपल्या उद्योजकता विकास कार्यक्रमांवर पडली. गुजरातेत त्याची मोठी परंपरा उभी राहिली, आपल्याकडे 1988 साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र निघाले. पण एक तपशील वाटेत गळाला. काकिनाड्याची ती माणसे आधीपासून धंद्यात होती. त्यांना दुकान होते, गिऱ्हाईक होते, बाजारात नाव होते. प्रेरणा मिळाली ती या सगळ्याच्या वर. आपण तोच धडा अशा वर्गाला लागू केला, ज्याच्याजवळ यातले काहीच नव्हते.

मग अशा वर्गाला तो लागू केल्यावर काय होते? नेदरलँड्समधल्या एका व्यावसायिक महाविद्यालयात ऊस्टरबेक, व्हॅन प्राग आणि आइसेलस्टाइन यांनी हे तपासले. त्यांचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. महाविद्यालयाच्या एका ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी वर्षभर गटागटाने छोटी कंपनी चालवली: भांडवल गोळा केले, वस्तू विकल्या, शेवटी हिशेब करून कंपनी बंद केली. दुसऱ्या ठिकाणच्या विद्यार्थ्यांना हा कार्यक्रम नव्हता. तुलना केली तेव्हा उद्योजकतेच्या कौशल्यांत म्हणण्यासारखा फरक पडलेला नव्हता आणि उद्योजक व्हायची इच्छा उलट कमी झाली होती. त्याच वर्षी म्युनिकच्या विद्यापीठातल्या अभ्यासातही इच्छेचा सरासरी आकडा थोडा घसरलेला दिसला. पण तिथल्या संशोधकांनी एक शहाणपणाची गोष्ट टिपली. विद्यार्थ्यांना स्वतःची पारख झाली होती. हे आपल्याला जमणार नाही, असे ज्यांच्या लक्षात आले ते बाजूला झाले. मला यात अपयश दिसत नाही. तीस जणांच्या तुकडीत शिबिराआधी वीसांनी हात वर केला आणि शिबिरानंतर आठांनी, तर त्या आठांच्या हातांना काही अर्थ आहे. अडचण आहे ती अहवालाची, कारण अहवालाला वीसाचे पंचवीस झालेले हवे असतात.

आता ओढ खरोखर कुठून येते याकडे वळू. सगळ्यात ठळक खूण घराची. व्यापाऱ्याचा मुलगा व्यापारी होतो हे सांगायला संशोधक नकोत. पण ते रक्तातून येते की घरातून, हा प्रश्न सोपा नव्हता. स्वीडनमधल्या दत्तक मुलांच्या नोंदी वापरून लिंडक्विस्ट, सोल आणि व्हॅन प्राग यांनी 2015 साली त्याची उकल केली. पालक उद्योजक असतील तर मूल उद्योजक होण्याची शक्यता सुमारे 60 टक्क्यांनी वाढते, आणि जन्मदात्यांपेक्षा वाढवणाऱ्या पालकांचा प्रभाव साधारण दुप्पट आहे. म्हणजे 'व्यापाऱ्याचे रक्त' असे जे आपण म्हणतो त्याचा मोठा भाग घरातल्या बोलण्याचालण्याचा आहे. जेवताना कुणाची थकबाकी आली, कुणी चेक परत धाडला, कोणत्या गिऱ्हाइकाला उधार द्यायचे नाही, हे ऐकत वाढलेल्या मुलाला धंद्याची भीती वाटतेच, पण ती ओळखीची भीती असते. कंपनीतल्या हेल्परच्या किंवा शेतमजुराच्या घरातल्या मुलाला ती तशी भेटत नाही.

घराला पर्याय होऊ शकते ते गाव. कोल्हापूरच्या उद्यमनगरात फौंड्री, पॅटर्न शॉप, मशीन शॉप एकमेकांना खेटून उभे आहेत. तिथे जोडारी शिकणाऱ्या मुलाला रोज येता-जाता दिसते, की कालपर्यंत दुसऱ्याच्या लेथवर असलेल्या मिस्त्रीने गाळा भाड्याने घेतला, एक जुने मशीन आणले आणि जॉबवर्क सुरू केले. इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. त्यानंतर तिथे काही पिढ्या चार माग टाकणे हा नोकरीइतकाच सरळ मार्ग मानला गेला. पिंपरी-भोसरीच्या पट्ट्यात मोठ्या वाहन कारखान्यांतून बाहेर पडून छोटे वर्कशॉप टाकणाऱ्यांची परंपरा आहे. अभ्यासक्रम सगळीकडे तोच, पुस्तक तेच, परीक्षा तीच. तरी गडचिरोलीतल्या एखाद्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये तोच व्यवसाय शिकणाऱ्या मुलाला असा मिस्त्री दिसत नाही, आणि त्याने नोकरीचे नाव घेतले की आपण त्याच्या मानसिकतेविषयी बोलू लागतो.

इथे मराठी माणसाच्या स्वभावाचा जुना मुद्दा हटकून येतो: आपल्याला धंदा जमत नाही, ते आपल्या अंगातच नाही. आत्ताच घेतलेली कोल्हापूर-इचलकरंजीची नावे याला पुरेशी आहेत. तरी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण घेऊ, कारण हे नाव शिबिरांत सर्वांत जास्त वेळा आणि सर्वांत अपुरे सांगितले जाते. ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत यांत्रिक रेखाटन शिकवत होते, म्हणजे आजच्या भाषेत व्यवसाय शिक्षणातलेच शिक्षक. बढती डावलली गेली आणि त्यांनी नोकरी सोडली, एवढे सर्वांना ठाऊक असते. त्याआधीच बेळगावात भावाबरोबर सायकलींचे दुकान चालू झाले होते आणि मुंबईचा पगारही चालू होता, हे सहसा सांगितले जात नाही. लोखंडी नांगराने जमीन नासते असे शेतकरी म्हणत होते आणि नांगर खपायला वेळ लागला. तेवढा काळ तग धरता येईल अशी काही व्यवस्था होती. बेळगावातून हलावे लागले तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. जिद्द होतीच. पण जिद्दीच्या खाली पगार, भाऊ आणि एक संस्थानिक होता. यशोगाथा सांगताना आपण हे तिन्ही गाळतो आणि मग ऐकणाऱ्या मुलाला वाटते, की जिद्द कमी पडते ती आपलीच.

आणि सगळ्यांच्या पायांखालची जमीन सारखी नसते. बलुतेदारीत कसब जातीला बांधलेले होते. आयटीआयने ती गाठ सोडवली, हे तिचे मोठे काम, ज्याचा उल्लेख फारसा होत नाही. कोणत्याही जातीचा मुलगा आज संधाता होतो. पण मालक होताना काय घडते? लक्ष्मी अय्यर, तरुण खन्ना आणि आशुतोष वार्ष्णेय यांनी आर्थिक गणनांच्या आधारे दाखवले, की 2005 साली देशातल्या उद्योग-व्यवसायांत अनुसूचित जातींची मालकी 10 टक्क्यांहून कमी होती. लोकसंख्येतला त्यांचा वाटा 16 टक्क्यांच्या वर होता. त्याच वर्षी पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची चेंबर, डिक्की, स्थापन केली, ती काही हौस म्हणून नव्हे. कच्चा माल उधारीवर कोण देतो, बाजारात गाळा कोण भाड्याने देतो, घरात दुरुस्तीला कुणाला बोलावतात, याची उत्तरे कसबाच्या प्रमाणपत्रावर छापलेली नसतात. ती माहीत असलेला मुलगा नोकरी मागतो तेव्हा त्याचा हिशेब बरोबर असतो.

याच हिशेबाचा दुसरा भाग म्हणजे व्यवसायाची निवड, आणि याकडे धोरण आखणारे जवळजवळ पाहतच नाहीत. 'आयटीआयचे विद्यार्थी' अशी एकच ओढ मोजण्यात अर्थ नाही. वातानुकूलन यंत्र दुरुस्त करणाऱ्याला हत्यारांची पिशवी, गॅस भरायचे साहित्य आणि दुचाकी पुरते. उन्हाळ्याचे तीन-चार महिने त्याला बसायला फुरसत नसते. वीजतंत्र्याला पक्कड, टेस्टर, मल्टिमीटर एवढ्यावर सुरुवात होते, पण मोठी कामे अंगावर घ्यायची तर विद्युत ठेकेदाराचा परवाना लागतो आणि तो अनुभवाची नोंद मागतो. कातारी आणि यंत्र कारागीर यांची गोष्ट निराळी. त्यांचे कसब ज्या मशीनवर चालते त्याची किंमत लाखांत जाते. दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज हा एके काळी सर्वांत सोपा दरवाजा होता. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 ची मानके लागू झाली, कार्ब्युरेटर गेला, इंधन इंजेक्शन आले, बिघाड शोधायला स्कॅनर लागू लागला. आता विजेवरच्या गाड्या येत आहेत. पाना आणि कान यांच्या भरवशावर गॅरेज टाकण्याचे दिवस संपत आले. या बदलाची कल्पना नसलेला वक्ता जेव्हा त्याच वर्गाला 'भांडवल नाही, हिंमत लागते' असे सांगतो, तेव्हा मागच्या बाकावरची मुले हसतात ती उगाच नव्हे.

पैशाच्या योजना आहेत, हे मान्य. मुद्रा 2015 पासून आहे, पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रम 2008 पासून, राज्याचा मुख्यमंत्र्यांच्या नावाचा तसाच कार्यक्रम 2019 पासून. तेव्हा भांडवलाची सबब आता चालणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. पण कर्ज मिळणे आणि कर्जाच्या पैशाने धंदा बसणे यांत हप्त्याची तारीख असते. कोलकात्यात फील्ड, पांडे, पॅप आणि रिगोल यांनी सूक्ष्म कर्जदारांच्या एका गटाला पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी सुरू करायची मुभा दिली. त्या कर्जदारांनी धंद्यात जास्त पैसा गुंतवला आणि सुमारे तीन वर्षांनी त्यांचा नफा इतरांपेक्षा बराच वर होता. थकबाकीही वाढली, हे लपवू नये. बँकेला दिसते ती तेवढीच बाजू. उत्तर युगांडात तरुणांच्या गटांना प्रशिक्षण आणि हत्यारांसाठी माणशी सुमारे 400 डॉलर अनुदान मिळाले. ब्लॅटमन आणि सहकाऱ्यांना चार वर्षांनी त्यांची कमाई 38 टक्क्यांनी जास्त आढळली. नऊ वर्षांनी मात्र अनुदान न मिळालेल्यांनी कमाईत त्यांना गाठले होते. पैशाने वाट लवकर खुली होते, कायमची आघाडी मिळत नाही, एवढाच निष्कर्ष मी यातून काढतो. आणि देणी वेळेवर मिळणे हेही भांडवलच आहे. सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे 45 दिवसांत चुकते करावेत असे 2006 चा कायदा सांगतो. जॉबवर्क करणाऱ्या छोट्या गाळ्याने मोठ्या कंपनीला तो कायदा दाखवला तर पुढची ऑर्डर येईल का, हे कोणत्याही औद्योगिक वसाहतीत विचारून पाहावे.

माझ्या म्हणण्याला सर्वांत वजनदार आक्षेप आफ्रिकेतूनच येतो. टोगोची राजधानी लोमे इथे 1,500 छोट्या व्यावसायिकांवर झालेला प्रयोग 2017 साली प्रसिद्ध झाला. हिशेब, बाजार, कर्ज शिकवणाऱ्या नेहमीच्या प्रशिक्षणाने नफ्यात ठामपणे सांगण्यासारखी वाढ झाली नाही. पुढाकार घेण्याची, अडथळ्यापुढे न थांबण्याची मानसिक सवय लावणाऱ्या प्रशिक्षणाने नफा 30 टक्क्यांनी वाढला. म्हणजे मानसिकतावाले बरोबर होते की काय? अर्धे बरोबर. लोमेचे लोकही काकिनाड्याच्या लोकांसारखेच चालत्या धंद्यातले होते. ज्याचे दुकान उघडे आहे त्याच्या डोक्यातली अडगळ काढली तर फळ मिळते. अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याजवळ दुकानच नाही. त्यामुळे प्रश्न प्रशिक्षण द्यावे की नाही असा राहत नाही, कधी द्यावे असा होतो, आणि आपण ते नेमके चुकीच्या वेळी देतो.

वेळेचा हा मुद्दा जर्मनीतल्या कारागिरांच्या व्यवस्थेने चांगला हाताळला आहे. तिथला शिकाऊ आधी कसब शिकतो, मग दुसऱ्याकडे पगारावर काम करतो आणि मग 'माइस्टर'च्या परीक्षेला बसतो. तिचे चार भाग: प्रात्यक्षिक, तांत्रिक ज्ञान, धंद्याचा हिशेब व कायदा, आणि शिकाऊंना शिकवण्याची कला. हिशेब शिकायची वेळ येते तेव्हा माणसाला गिऱ्हाईक माहीत झालेले असते. या व्यवस्थेचे दोषही आहेत. ती दरवाजे अडवते म्हणून 2004 साली 53 व्यवसायांतली माइस्टरची सक्ती काढली गेली. फरशी बसवण्यासारख्या व्यवसायात एकट्यादुकट्याच्या कंपन्यांचे पेव फुटले, शिकाऊ घेणारे घटले, आणि 2020 साली 12 व्यवसायांत सक्ती परत आणावी लागली. आपल्याकडे सक्ती आणावी असे मी सुचवत नाही. इथे परवान्याचे रूपांतर कशात होते ते आपण जाणतो. उचलण्यासारखा आहे तो क्रम. अमेरिकेतल्या नोंदींवरूनही कंपनी काढणाऱ्यांचे सरासरी वय 42 च्या आसपास निघाले आहे. आपण अठराव्या वर्षी हात वर करायला सांगतो आणि बाविसाव्या वर्षी निराश होतो.

मुलींच्या बाबतीत हा क्रम आणखी बिघडतो. त्यांची गर्दी शिवणकाम आणि सौंदर्यप्रसाधन या व्यवसायांत, म्हणजे जिथे घरातून काम करता येते, भांडवल कमी आणि स्पर्धा फार. त्यांच्या ओढीविषयी अहमदाबादच्या सेवा बँकेच्या ग्राहक महिलांवरचा एक अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. दोन दिवसांचे व्यवसाय मार्गदर्शन काहींना एकटीने दिले, काहींना मैत्रिणीला बरोबर आणायला सांगितले. चार महिन्यांनी धंद्यातली हालचाल वाढलेली दिसली ती मैत्रिणीसह आलेल्यांची. धडे तेच, दिवस तेवढेच. मग शिवणकामाच्या तुकडीतल्या तिघींना मिळून एखाद्या शाळेच्या गणवेशाचे काम घेऊन देणे, हे तीसजणींना प्रेरणेचे भाषण ऐकवण्यापेक्षा कमी खर्चाचे आणि जास्त फळाचे ठरावे, असे मानायला जागा आहे.

शेवटचा आक्षेप माझ्या जवळच्या विचारांच्या मंडळींचा आहे. मुलांना उद्योजक व्हा म्हणून सांगणे म्हणजे नोकऱ्या देण्याची जबाबदारी सरकारने झटकणे, असे ते म्हणतात. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनीही 'पुअर इकॉनॉमिक्स'मध्ये दाखवले आहे, की गरीब माणूस दुकान टाकतो ते बहुधा नोकरी नाही म्हणून. मुलांसाठी त्याला पगाराचीच नोकरी हवी असते. मला हे पूर्ण पटते. म्हणूनच चांगली नोकरी ही उद्योजकतेची शत्रू मानू नये. भोसरीतल्या वर्कशॉपमालकाचे पहिले भांडवल, पहिले गिऱ्हाईक आणि मालाची पारख, तिन्ही त्याच्या नोकरीतून आलेली असतात. कंत्राटी पद्धतीने अकरा-अकरा महिने काम करणाऱ्या मुलाला यांतले काहीच साठवता येत नाही. धंद्याची ओढ वाढावी असे ज्यांना वाटते त्यांनी आधी शिकाऊ उमेदवारीच्या दर्जाकडे आणि कंत्राटी कामाच्या अटींकडे पाहावे.

संस्थेच्या पातळीवर मग करायचे ते असे. कार्यशाळेत बाहेरचे खरे काम, खऱ्या दराने आणि खऱ्या तारखेला, यायला हवे, आणि त्याच्या मिळकतीतला वाटा मुलांच्या हातात पडायला हवा; यासाठी लेखा नियमांत सवलत लागेल. तालुक्यात मिस्त्री दिसत नसेल तर मुलांना उमेदवारीसाठी दुसऱ्या जिल्ह्यात पाठवायला राहण्याचा खर्च द्यावा लागेल. आणि उद्योजकतेचे प्रशिक्षण माजी विद्यार्थ्यांना द्यावे, काम करून पाच-सात वर्षे झालेल्यांना, संध्याकाळच्या वर्गांतून, त्याच इमारतीत. आज संस्थेचा विद्यार्थ्याशी संबंध मुख्यतः कॅम्पस मुलाखतीपर्यंत टिकतो. त्यापुढे त्याला शोधून, तो कुठे आहे हे विचारून, बोलावून आणणारा एक माणूस प्रत्येक संस्थेत लागेल, आणि ते पद आजच्या आकृतिबंधात नाही.